घरगुती रियाझाची लहान पेटी

विजेच्या गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच; तो ध्वनिवर्धकांतून यावा लागतो. म्हणून घरीं रियाझ करणाऱ्यानें गिटारीइतक्याच चोखंदळपणें ही पेटी निवडावी.

कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं १९३८ सालीं रेडिओदुरुस्तीचें दुकान काढलें. पुढें ते वाद्यांकडे वळले, आणि १९४८ सालीं त्यांनीं ‘चँपियन ८००’ हा लहान ध्वनिवर्धक विक्रीस आणला. मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची गिटार शिकणाऱ्या नवशिक्यांसाठीं! त्याचाच वंशज ‘चँप’. शक्ति सुमारें पांच वॅट, शेवटच्या पायरीवर व्हॉल्व्ह एकच, आणि बरींच वर्षें फिरवावयाची कळहि एकच.

हा नवशिक्यांचा खेळ थोरांनाहि कां आवडावा? व्हॉल्व्ह मर्यादेपर्यंत ताणला कीं नाद किंचित् फाटतो, आणि त्या फाटण्यांतच गोडी असते. मोठ्या पेटीची मर्यादा गांठेपर्यंत साऱ्या आळीची झोंप उडते. लहान पेटीची लवकर गांठतां येते. १९७० सालीं मायामींत ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीं एरिक क्लॅप्टन यांनीं ‘चँप’च वापरला.

दुकानांत पन्नास वॅटच्या आंकड्याला भुलूं नये. शक्ति दसपट केली तरी कानाला आवाज सुमारें दुप्पटच भासतो. उलट पांच वॅटहि खोलींत पुरे वाजविले, तर शेजारी भिंतीवर थाप मारतात. (हा माझा अनुभव!) मुलें निजल्यावरच वेळ मिळत असेल, तर हेडफोन लावतां येणारी ट्रॅन्झिस्टरची पेटी घ्यावी, नाद थोडा कोरडा वाटला तरी चालेल.