रोलंड आणि ऑलिव्हर : इतिहास, महाकाव्य आणि वाक्प्रचार

प्रस्तावना :
वाक्प्रचार हे समाजाच्या ऐतिहासिक स्मृतीचे एक साधन मानले जाते. परंतु ही स्मृती प्रत्यक्ष घटनेची असते की साहित्याने घडविलेल्या प्रतिमेची, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकास आवश्यक ठरते. इंग्रजीतील 'अ रोलंड फॉर ॲन ऑलिव्हर', म्हणजे तोडीस तोड उत्तर, हा वाक्प्रचार या दृष्टीने उद्बोधक आहे. रोलंड व ऑलिव्हर हे फ्रँकांचा राजा शार्लमेन याचे आख्यायिकाप्रसिद्ध सरदार होत.

ऐतिहासिक वस्तुस्थिती :
बार्सिलोनाचा मुस्लिम अधिकारी सुलेमान अल-अरबी याने इ.स. ७७७ मध्ये कोर्दोव्याच्या अमीराविरुद्ध शार्लमेनचे साहाय्य मागितले. त्यानुसार ७७८ मध्ये शार्लमेन स्पेनमध्ये गेला. परंतु सारागोसा शहर त्याच्या हाती आले नाही. परतताना त्याने पाम्प्लोनाची तटबंदी पाडली. १५ ऑगस्ट ७७८ रोजी पिरेनीज पर्वताच्या खिंडीत बास्क लोकांनी त्याच्या सैन्याची पिछाडी कापून काढली. चरित्रकार आइनहार्ड मृतांमध्ये ब्रिटनीच्या सरहद्दीवरील अधिकारी ह्रुओदलांद, म्हणजेच रोलंड, याचे नाव देतो. काही हस्तलिखितांत मात्र तेही आढळत नाही. ऑलिव्हरचा समकालीन साधनांत उल्लेखच नाही.

महाकाव्यातील रूपांतर :
इ.स. ११०० च्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेत आकारास आलेल्या 'रोलंडचे गीत' या सुमारे ४,००० ओळींच्या काव्यात या घटनेचे स्वरूप पालटले. बास्कांच्या जागी मुस्लिम सैन्य आले आणि मुस्लिम अधिकाऱ्याच्या निमंत्रणावरून झालेली स्वारी धर्मयुद्ध ठरली. पहिल्या क्रुसेडच्या (१०९६–१०९९) काळातील मनोवृत्तीशी हे रूपांतर सुसंगत होते. याच काव्यात रोलंड शूर, तर ऑलिव्हर विवेकी आहे. शिंग फुंकून मदत मागविण्याचा ऑलिव्हरचा सल्ला रोलंड नाकारतो आणि सारी पिछाडी नष्ट होते.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'गिरार द व्हिएन' या काव्यात हे दोघे ऱ्होन नदीतील बेटावर द्वंद्वयुद्ध करतात. त्यात कोणीही जिंकत नाही आणि अखेर दोघांत मैत्री होते. उपरोक्त वाक्प्रचाराचे मूळ सामान्यतः या बरोबरीच्या लढतीत मानले जाते.

वाक्प्रचाराचा अर्थ :
मराठीतील 'शेरास सव्वाशेर' या म्हणीत एक दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरतो. इंग्रजी वाक्प्रचारात मात्र दोघेही समान आहेत. त्यामुळे 'तोडीस तोड' हाच त्यास अधिक जवळचा पर्याय होय. शौर्य आणि विवेक यांच्यातील संघर्ष, जो महाकाव्याचा गाभा होता, तो वाक्प्रचारात उरला नाही. याच परंपरेतील आरिओस्तोच्या 'ऑर्लांडो फ्युरिओसो' (१५१६) मधील रोदोमोंते हा योद्धाही 'रोडोमोंटेड', म्हणजे पोकळ वल्गना, या इंग्रजी शब्दापुरताच उरला.

समारोप :
सारांश, इतिहासातील एक पराभव काव्यात धर्मयुद्ध झाला आणि नित्याच्या बोलण्यात केवळ बरोबरीचे माप होऊन राहिला. असा वाक्प्रचार मूळ घटनेचा पुरावा नसून तो घडविणाऱ्या व वापरणाऱ्या समाजाचा पुरावा असतो. हा भेद दुर्लक्षिल्यास काव्याने निर्माण केलेले वैर इतिहासाच्या नावाने पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचते. म्हणूनच वीरगाथा शिकविताना त्यांच्याशेजारी समकालीन साधने ठेवणे अगत्याचे आहे.