पीप्सच्या घरचीं दोन वाद्यें

प्रौढ वयांत, कानशिलावरचे केस पिकूं लागले असतां, एखादा गृहस्थ पेटी किंवा सतार शिकावयास बसला, कीं घरच्या मंडळींना प्रथम हसूं येतें आणि चार दिवसांनीं त्यांचें डोकें दुखूं लागतें. लहान मूल बेसूर वाजवितें तेव्हां त्याचें कौतुक होतें. तोच बेसूरपणा कर्त्या माणसाच्या हातून झाला, कीं तो शेजाऱ्यांविरुद्धचा अपराध ठरतो. संगीताचा इतिहास लिहिला जातो तो उस्तादांचा. ज्यानें पोटाचा उद्योग सांभाळून, उशिरां, केवळ आवडीसाठीं वाद्य हातीं धरलें आणि ज्याला त्यांत मोठेंसें प्रावीण्य कधीं आलें नाहीं, त्याची नोंद कोण ठेवणार? त्यानें ती स्वतःच ठेवली असेल, तरच आपल्याला मिळावयाची. आज ज्या माणसाविषयीं मी बोलणार आहें, त्यानें ती ठेवली होती.

हा माणूस म्हणजे लंडनच्या आरमारी कचेरींतील अधिकारी सॅम्युअल पीप्स. त्याच्या नांवाचीं इंग्रजी अक्षरें पाहून आपण ‘पेपिस’ म्हणूं. पण उच्चार ‘पीप्स’ असाच आहे. त्याचा जन्म १६३३ सालचा. बाप शिंपी, मुलगा मात्र केंब्रिजचा पदवीधर झाला आणि पुढें आरमाराच्या कारभारांत वर चढला. १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत त्यानें लघुलिपींत दैनंदिनी लिहिली. ती १८२५ सालीं प्रथम छापली गेली, आणि तेव्हांपासून त्या काळच्या लंडनचें इतकें जिवंत चित्र दुसरीकडे कोठें मिळत नाहीं, असें सारे मान्य करतात. या गृहस्थाला शिकण्याची लाज नव्हती. १६६२ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, लांकडाच्या खरेदींत आपण फसविले जातों असें दिसतांच त्यानें एका जहाजावरील खलाशी अधिकाऱ्याला घरीं बोलावलें आणि त्याच्याकडून पाढे पाठ करून घेतले. केंब्रिजच्या पदवीधराला पाढे येत नव्हते, हें ऐकून आपल्या प्राथमिक शाळांतील गुरुजींना धन्यता वाटेल.

संगीत त्याच्या घरांत लहानपणापासून होतेंच. तो गात असे, व्हायोल व ल्यूट हीं तंतुवाद्यें वाजवीत असे. आणि यांत तो एकटा नव्हता. आपल्याकडे शिवछत्रपति आग्ऱ्याच्या कैदेंतून निसटले तें १६६६ साल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत लंडन शहर जळालें. लोक होड्यांत सामान भरून नदीवर पळत होते. त्या गर्दींतही पीप्सच्या नजरेनें टिपलें, कीं संसार भरून चाललेल्या दर तीन होड्यांपैकीं जवळजवळ एकींत तरी व्हर्जिनल, म्हणजे पट्ट्यांचें एक तंतुवाद्य, आहे. घर पेटलेलें असतां माणूस काय उचलतो, यावरून त्या शहराची आवड कळते.

ही आवड मध्यमवर्गाच्या घरांत कशी शिरली, याचें कारण मोठें विचित्र आहे. १६४२ पासून इंग्लंडांत यादवी माजली. नाट्यगृहें बंद झालीं, राजाचा दरबार उधळला, आणि धर्मनिष्ठ प्यूरिटन पक्षानें मोठ्या देवळांतील गायकवृंद मोडून टाकले. गवयांचा आश्रय गेला. पोटासाठीं ते व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या घरीं शिकवण्या करूं लागले. त्याच सुमारास जॉन प्लेफर्ड नांवाच्या प्रकाशकानें अशा घरांसाठीं सोपीं पुस्तकें काढण्यास आरंभ केला. त्याचें नृत्यांच्या चालींचें पुस्तक १६५१ चें आणि संगीताचें प्रवेश-पुस्तक १६५४ चें. ज्यांनीं देवळांतील संगीत बंद पाडलें, त्यांच्याच अंमलांत तें घराघरांत शिरलें. शिकवणी, छापील पुस्तक आणि परवडणारें वाद्य या तीन गोष्टी एकत्र आल्या, आणि उशिरां शिकणारा विद्यार्थी जन्मास आला.

अशा विद्यार्थ्याचे सगळे गुणदोष पीप्समध्यें होते. १६६२ च्या आरंभीं त्यानें जॉन बर्चेन्शा नांवाच्या शिक्षकाकडे स्वररचना शिकावयास घेतली. पांच-सहा आठवड्यांचे पांच पौंड मोजले. ते त्याला फार वाटले, हेंही त्यानें लिहून ठेवलें आहे. शिक्षक म्हणे, माझे नियम परिपूर्ण आहेत. पीप्सचें म्हणणें, नियम उत्तम खरे, परंतु कांहीं ठिकाणीं लंगडे आहेत. शब्दानें शब्द वाढला, आणि गुरुजी रागानें खोलींतून निघून गेले. शिष्यानें त्यांना थांबविलें नाहीं, कारण त्यांना त्या दिवशीं रजा द्यावयाचीच असें त्यानें आधीं ठरविलें होतें! लहान मूल गुरूशीं असा वाद घालीत नाहीं. त्याला वादाचें साहित्यच नसतें. प्रौढाजवळ तें भरपूर असतें आणि बोटें मात्र कोरीं असतात.

परंतु त्या घरांतला खरा नवशिका पीप्स नव्हता. ती होती त्याची बायको एलिझाबेथ. १६५५ सालीं लग्न झालें तेव्हां ती पंधरा वर्षांची होती. मूल झालें नाहीं. नवरा दिवसभर कचेरींत, संध्याकाळीं मित्रमंडळींत किंवा नाटकाला, ती घरांत. १६६३ च्या जानेवारींत तिनें आपल्या एकाकी आयुष्याचें गाऱ्हाणें एका कागदावर लिहून त्याला वाचून दाखविलें. दुसऱ्या कोणाच्या हातीं हा कागद पडला तर आपली अब्रू जाईल, या धास्तीनें पीप्सनें तो तिच्या देखत फाडून टाकला, आणि तिचीं आणखी कांहीं पत्रेंही फाडलीं. तिचें म्हणणें काय होतें तें आज आपल्याला कळतें, तें फाडणाऱ्याच्याच लेखणींतून.

चार वर्षांनंतर, २८ फेब्रुवारी १६६७ रोजीं, त्या घरांत ड्रम्बलबी नांवाचा वाद्यें बनविणारा कारागीर आला. त्यानें एक फ्लॅजिओलेट आणला होता. हें आपल्या अलगुजाचेंच विलायती भावंड : तोंडाशीं उभें धरून फुंकावयाचें, सहा भोंकांचें, खिशांत मावेल असें. पीप्सजवळ एक आधीं होतेंच. त्याच्या सुराशीं जुळणारें हें दुसरें, बायकोसाठीं. सोबत टॉमस ग्रीटिंग हा शिक्षकही आला. ठराव असा झाला, कीं कोणताही धडा स्वतःच्या स्वतः वाजवून काढतां येईल इतपत तिला तयार करावें, आणि सगळ्या कामाचे मिळून चार पौंड घ्यावे. महिन्याच्या हिशेबानें नव्हे, तर विद्या पदरांत पडेपर्यंत! आपल्याकडील शिकवण्यांत हा ठराव कोणी घालून पाहावा, असें मला पुष्कळदां वाटतें.

दुसऱ्याच दिवशीं, १ मार्चला, जेवणापूर्वीं पीप्स बायकोला गाणें शिकवावयास बसला. तिचा कान तयार नव्हता. सूर लागेना, तसा तो चिडत गेला. शेवटीं त्याची ती मुद्रा पाहून तिला रडूं कोसळलें. नवऱ्यानें बायकोला शिकवावयास बसावें आणि त्याचा शेवट असा व्हावा, हें दृश्य आपल्या घरांनाही अनोळखी नाहीं. पण त्या रात्रीं पीप्सनें लिहिलेला मजकूर वाचण्यासारखा आहे. तो म्हणतो, ही बिचारी शिकूं पाहते ती केवळ मला बरें वाटावें म्हणून; तिला असें नाउमेद करण्यांत माझा फार अन्याय होतो; यापुढें आधीं तिला सुरांची ओळख करून द्यावी हें बरें. कागद फाडणाऱ्या माणसाला चार वर्षांनीं एवढें समजलें. तें समजण्यास तिचा बेसूर कारण झाला.

गाण्यांत जें जमलें नाहीं तें अलगुजांत जमलें, आणि यांत नवल नाहीं. गाणाऱ्याला सूर आधीं मनांत ऐकावा लागतो. अलगुजांत तो भोंकांनीं बांधून ठेवलेला असतो. शिवाय ग्रीटिंगची लिपि सोपी होती. त्याच्या पुस्तकांत सहा आडव्या रेघा असतात, दर भोंकाला एक. ज्या रेघेवर टिंब, तें भोंक बोटानें झांकावयाचें. टिंब नसेल तें उघडें. वर काळ दाखविणाऱ्या खुणा. स्वराचें नांव नाहीं, सप्तक नाहीं, कांहीं नाहीं. भातखंड्यांच्या किंवा विष्णु दिगंबरांच्या लिपींत आपण सूर वाचतों. येथें वाचावयाचीं तीं बोटें. शास्त्रज्ञ म्हणतील, अशानें विद्यार्थी जन्मभर अडाणी राहतो. तें खरें आहे. पण आठ दिवसांत ओळखीची चाल निघाली, तरच प्रौढ माणूस नवव्या दिवशीं वाद्य हातांत घेतो, हेंही तितकेंच खरें. त्याच वर्षीं पुढें नवराबायको मिळून अलगुजें वाजवीत असल्याच्या नोंदी दैनंदिनींत येऊं लागतात, आणि तिची प्रगति पाहून पीप्स संतुष्ट दिसतो.

आतां दुसरें वाद्य. २७ फेब्रुवारी १६६८ रोजीं पीप्स एक जुनें नाटक पाहावयास गेला. त्यांत देवदूत खालीं उतरतो त्या वेळीं सुषिर वाद्यांचा मेळ वाजला. तो ऐकून पीप्सची जी अवस्था झाली, तिला त्यानें उपमा दिली आहे ती बायकोच्या प्रेमांत पडलों होतों त्या दिवसांची. घरीं आला तरी मन ठिकाणावर येईना. त्यानें निश्चय केला, कीं आपण असलीं वाद्यें शिकावयाचीं, आणि बायकोलाही शिकवावयाचीं. चारच दिवसांपूर्वीं त्याला पस्तीस वर्षें पुरीं झालीं होतीं. ८ एप्रिलला ड्रम्बलबीच्या दुकानीं जाऊन त्यानें रेकॉर्डर विकत घेतला. हा अलगुजाहून लांब, आठ भोंकांचा, मऊ आवाजाचा पावा. १६ एप्रिलला शिकण्यास प्रारंभ. ग्रीटिंगच्या पुस्तकाचा एक शिलिंग खर्चीं पडला, तोही त्याच दिवशीं.

मुंबईच्या श्रोत्यांसाठीं एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. त्याच्या आदल्याच महिन्यांत, २७ मार्च १६६८ रोजीं, इंग्लंडच्या राजानें मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. हें बेट १६६१ च्या विवाहकरारांत पोर्तुगालकडून आंदण मिळालें होतें, पण तेथला पोर्तुगीज अधिकारी ताबा देईना. आरमाराचा माणूस म्हणून पीप्सनें १६६३ सालींच आपण फसलों अशी चीड दैनंदिनींत नोंदवून ठेवली आहे. एका बेटाचें वर्षाचें भाडें दहा पौंड, आणि एका बाईला अलगूज शिकविण्याचे चार!

रेकॉर्डर शिकतांना आपल्या या विद्यार्थ्याचा जुना रोग पुन्हां उफाळला. स्वरसप्तकांचा तक्ता पाठ करणें आवश्यक आहे हें त्याला पटलें, परंतु ही रीत हास्यास्पद असून आपण पुढेंमागें जगाला याहून सोपी रीत दाखवूं, असेंही त्याला वाटूं लागलें. पद्धति सुधारण्याचा उत्साह पाठांतराच्या कंटाळ्यांतून किती वेळां जन्मतो, तें मी सांगावयास नको. ती नवी रीत त्यानें जगाला कधीं दाखविली नाहीं.

त्या दोन पाव्यांनीं संसार सुखाचा झाला, असें मात्र कोणी समजूं नये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत घरांतल्या एका मुलीशीं असलेलें त्याचें वर्तन एलिझाबेथच्या दृष्टीस पडलें, आणि पुढचे कित्येक आठवडे त्या घरांत वाजवण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. १६६९ च्या मेअखेर डोळे जातील या भीतीनें त्यानें दैनंदिनी बंद केली. दोघें मिळून फ्रान्सकडे प्रवासास गेलीं. परत आल्यावर तिला ताप आला आणि १० नोव्हेंबरला ती वारली. वय एकोणतीस. पीप्सनें देवळांत, आपल्या बसण्याच्या जागेसमोर दिसेल असा, तिचा संगमरवरी अर्धपुतळा बसविला. तो लंडनच्या सेंट ओलेव्हच्या देवळांत अजून आहे. ती कोणाशीं तरी बोलत आहे, असा चेहरा शिल्पकारानें घडविला आहे.

पीप्सनें पुन्हां लग्न केलें नाहीं. १६६१ सालीं एका फ्रेंच माणसाचें गिटार ऐकून, वाजविणारा उत्तम पण वाद्य म्हणजे निव्वळ खेळणें, असा शेरा त्यानें मारला होता. चाळिशी उलटल्यावर त्यानें मोरेली नांवाचा एक गवई घरीं ठेवला, आणि त्याच्याकडून तो गिटारच शिकूं लागला. मोरेलीनें त्याच्या खर्जाच्या आवाजासाठीं गिटारवर बसवून दिलेल्या गीतांच्या वह्या, त्याच्या तीन हजार पुस्तकांसह, केंब्रिजच्या त्याच्या जुन्या महाविद्यालयांत आजही जपून ठेवलेल्या आहेत.