खनिज इंधनांचे साठे व त्यांची मुदत

खनिज इंधनांचे साठे व त्यांची मुदत : दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू ही इंधने प्राचीन जीवांच्या अवशेषांपासून कोट्यवधी वर्षांत तयार झाली. ती किती काळ पुरतील, हा प्रश्न विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये ब्रिटनच्या कोळशापुरता मांडला. सुधारलेल्या एंजिनांमुळे कोळशाची बचत होते, पण त्यामुळेच त्याचे उपयोग वाढून एकूण खप चढतो, हे त्यांनी दाखविले.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम वरोरा (चंद्रपूर जिल्हा) येथे प्रत्यक्ष उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सरकारी खाण चालू झाली आणि कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्गही आला. काढण्याजोगा कोळसा संपत आल्याने १९०६ मध्ये ही खाण बंद करावी लागली. तथापि खाण संपली तरी वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र संपले नव्हते. बल्लारपूर व पुढे वरोऱ्यानजीकच्या माजरी येथेही खाणी निघाल्या.

याचे कारण ‘साठा’ या शब्दात आहे. भूगर्भातील सर्व इंधन म्हणजे साठा नव्हे. ज्ञात असलेले आणि उपलब्ध तंत्राने, चालू किंमतीला परवडेल असे काढता येणारे तेवढेच साठ्यात धरतात. या साठ्यास वार्षिक उत्पादनाने भागून ‘वर्षे’ काढली जातात. १९८० च्या अखेरीस जगातील तेल या हिशोबाने सु. ३० वर्षे पुरणारे होते. चाळीस वर्षे अखंड उपसा होऊनही २०२० च्या अखेरीस हाच आकडा तेलासाठी सु. ५३, वायूसाठी सु. ४९ व कोळशासाठी सु. १३९ वर्षे असा होता. मधल्या काळात नवे साठे सापडले, कॅनडातील तेलवाळू व व्हेनेझुएलातील जड तेल हिशोबात आले. काही तेलनिर्यातदार देशांनी १९८० नंतरच्या दशकात आपले आकडे एकाएकी वाढविले, ते मात्र शंकास्पद वाटतात. म्हणून हा भागाकार भविष्यकथन म्हणून वाचू नये. शिवाय साठा अखेरच्या वर्षापर्यंत एकाच वेगाने निघत नाही. उत्पादन शिगेला पोहोचून मग उतरते, असे अमेरिकन भूवैज्ञानिक एम्. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये प्रतिपादिले. अमेरिकेचे तेलोत्पादन १९७० मध्ये त्याप्रमाणे शिगेला पोहोचून उतरले; पण शेल खडकांतील तेल काढण्याचे तंत्र आल्यावर ते २०१८ मध्ये जुन्या उच्चांकापलीकडे गेले.

उतरत्या उत्पादनाचा अनुभव बॉम्बे हाय (मुंबई हाय) या क्षेत्रानेही दिला. मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावर ‘सागर सम्राट’ या वेधनजहाजाने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने पोळलेल्या देशाला हा मोठा दिलासा होता. १९८० नंतरच्या दशकात उत्पादनाने शिखर गाठले. नंतर चुनखडकातील दाब घटत गेला. पाणी आत सोडूनही तेलाचा मोठा भाग खडकातच अडकून राहतो. २००० नंतर पुनर्विकासाच्या योजनांनी उतार थोडा मंदावला, थांबला नाही. उत्पादन वाढविण्यासाठी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले.

हवामानबदलामुळे प्रश्नाला दुसरी बाजू आली आहे. २०१५ च्या पॅरिस करारातील तापमानमर्यादा पाळावयाची, तर ज्ञात साठ्यांपैकी बराच भाग जमिनीतच ठेवावा लागेल.

कोल्हापूर जिल्ह्यासारख्या बेसाल्टी प्रदेशात तर ही इंधने मुळातच बाहेरून आणावी लागतात. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्यालगत छत्रपती शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही बाजारपेठ वसविली. तिचा माल वाहणाऱ्या वाफेच्या एंजिनांचा कोळसा दूरच्या खाणींतूनच येई. आज या परिसरातील साखर कारखान्यांची बाष्पित्रे उसाच्या बगॅसवर चालतात व हे इंधन दर गळीत हंगामात नव्याने मिळते; मात्र त्या उसाला घातला जाणारा यूरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि ऊस कारखान्यापर्यंत आणणारे ट्रॅक्टर डीझेलवर चालतात.