जन्मखूण आणि बट्टा

‘बट्टा’ आज नावाला लागतो. पूर्वी तो रुपयाला लागत असे. पेशवाईत अंकुशी, चांदोरी असे नाना टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत. सराफ चांदीचा कस आणि झीज पाहून बट्टा कापून घेई. खात्री करायला नाण्यावर बारीकसा टोचाही मारी.

माझ्या आजीच्या माळेत असाच एक अंकुशी रुपया होता. नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे, अक्षरे फारसी, खूण मराठ्यांच्या अंकुशाची आणि टांकसाळ पुण्याची! अशा रुपयांवर पुण्याचे नाव ‘मुहियाबाद’ असे येते. औरंगजेबाने नातवाच्या आठवणीसाठी ते दिले होते. माझ्या रुपयावर मात्र त्या नावाची जेमतेम दोन अक्षरे. मला वाटले, आजीच्या गळ्यात घासून गेली असतील. मी तो चिंचेने चकचकीत घासला, माळेची कडी कापून काढली आणि एका जाणकारांना दाखवला.

ते म्हणाले, “अहो, अक्षरे झिजलेली नाहीत. ती उमटलीच नव्हती.”

त्या काळी नाणे हाताने पाडत. खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर मावतच नसे. शिवराईचेही तसेच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. पण सगळी अक्षरे पूर्ण असलेली शिवराई क्वचितच हाती लागते.

मग टांकसाळीतला दोष आणि नंतरची इजा ओळखायची कशी? उठून आलेली रेघ दिसली, तर ठशाला तडा गेला होता आणि त्यात धातू शिरला, असे समजावे. आत खोदलेली रेघ बहुधा बाहेरचा ओरखडा असतो. झीज आधी उंच भागावर दिसते. घाव हलका पडला असेल, तर एक कोपरा पुसट आणि शेजारची अक्षरे ठसठशीत राहतात. पाठीमागेही त्याच जागी पुसटपणा आढळतो. काठाला गेलेली चीर पुष्कळदा घणाच्या घावाचीच असते.

प्रत ठरवताना मुख्यतः झीज मोजतात. टांकसाळीतला दोष वेगळा नोंदवतात. हाती पाडलेल्या रुपयावर गाव आणि साल दिसले तर किंमत वाढते, कापले गेले तर घटते. पण नाण्याला कोणी सदोष म्हणत नाही. यंत्रावर पाडलेले, ठसा ठळकपणे सरकलेले नाणे तर दुर्मीळ म्हणून जास्त भाव खाते. घासणे, कोरणे, कडी डाखणे यांना मात्र माफी नाही. प्रत ठरवणाऱ्या संस्था अशा नाण्याला बहुधा नेहमीची प्रत देतच नाहीत.

म्हणजे पुण्याच्या कारागिराचा घाव सरकला, ती जन्मखूण. सराफाने टोचा मारला, आजीने कडी लावली, तोही त्या नाण्याच्या वापराचा इतिहासच. दोनशे वर्षांची काळसर छटा एका दुपारी धुऊन काढली ती मी. खरा बट्टा तिथे लागला.

तुमच्या घरी जुने नाणे असेल, तर कडेला धरून उजेडात पाहा. चिंच स्वयंपाकघरातच राहू द्या.