फटफटीचें धुराडें



आपल्या लोकांनीं मोटारसायकलला ‘फटफटी’ हें नांव दिलें तें तिचा वेग पाहून नव्हे, किंवा तिचा आकार पाहूनहि नव्हे. केवळ तिचा आवाज ऐकून दिलें. यंत्र डोळ्यांना दिसण्यापूर्वींच तें कानीं पडत असे, म्हणून तें कानानेंच ओळखलें गेलें. या बारशांतच एका जुन्या समजुतीचें मूळ आहे. ज्या गाडीचा आवाज मोठा तिचें बळहि मोठें, असें मानणारे तेव्हांहि होते व आजहि आहेत. कारखान्यानें बसविलेला सायलेन्सर काढून बाजारांतला दुसरा लावावा, अथवा आहे त्याच्याच पोटांतील जाळी कापून तो पोकळ करावा, हा उद्योग आज गल्लोगल्लीं चालतो. या हौसेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला म्हणजे या समजुतींत खरें किती व खोटें किती, याचा निवाडा आपोआपच होतो.

प्रथम सायलेन्सरचें काम काय तें पाहूं. इंजिनांत पेट्रोलचा भडका उडाल्यावर जळका वायु मोठ्या दाबानें बाहेर पडतो. तो एकाएकीं मोकळ्या हवेंत शिरला कीं ‘फट्’ असा आवाज होतो. वाटेंत एक रुंद डबा ठेवून, त्यांत पडदे व भोंकें करून, वायूचा दाब हळूहळू उतरविला कीं आवाज मंदावतो. परंतु त्या पडद्यांमुळें वायूची वाटहि अडते आणि इंजिनाचें थोडें बळ खर्चीं पडतें. म्हणून प्रारंभींच्या कित्येक गाड्यांना एक झडप असे. गांवाबाहेर पडतांच स्वार ती उघडी आणि वायु सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडे. पुढें अनेक देशांत या झडपेवर बंदी आली. तथापि सायलेन्सर म्हणजे बळ खाणारें लोढणें, ही समजूत तेव्हांपासून रुजली. आणि त्या काळापुरती ती अगदींच निराधार नव्हती.

या समजुतीचा व शेजारधर्माचा पहिला मोठा झगडा इंग्लंडांत झाला. सरे परगण्यांत वेब्रिज गांवाजवळ ब्रुकलंड्स नांवाचें शर्यतीचें मैदान १९०७ सालीं सुरू झालें. त्याच वर्षीं जूनमध्यें एस्. एफ्. एज यांनीं तेथें अहोरात्र चोवीस तास मोटार हांकली. विक्रम झाला खरा, परंतु आसपासच्या रहिवाशांची झोंप उडाली. त्यांच्या तक्रारींमुळें तेथें रात्रीच्या शर्यतींना मज्जाव झाला. १९२९ सालीं तेथें चोवीस तासांची शर्यत भरवितांना बारा-बारा तासांचे दोन दिवस करावे लागले आणि मधल्या रात्रीं इंजिनें बंद ठेवावीं लागलीं. त्यापूर्वींच, १९२० नंतरच्या दशकांत, रहिवाशांनीं न्यायालयाची वाट धरली होती; आणि मैदानाच्या चालकांनीं तेथें धांवणाऱ्या गाड्यांना ठराविक पद्धतीचा सायलेन्सर सक्तीचा केला होता. पत्र्याचा एक मोठा डबा व शेवटीं माशाच्या शेपटीसारखें चपटें तोंड, असें त्याचें रूप होतें. गंमत अशी कीं, आवाज दाबण्यासाठीं लादलेला हा डबाच पुढें हौशी तरुणांना शर्यतवीराचें भूषण वाटूं लागला. ज्यांनीं ब्रुकलंड्सचें मैदान कधीं तुडविलें नाहीं, त्यांच्याहि गाड्यांना तो दिसूं लागला. धुराडें विकत आणून मिरवावें, या हौसेचें हें एक आरंभींचें उदाहरण होय.

आतां या इतिहासांतील सर्वांत विलक्षण प्रकरणाकडे वळूं. तें टू-स्ट्रोक इंजिनाचें आहे. या इंजिनांत जळका वायु बाहेर जात असतांनाच ताजें मिश्रण आंत येतें, आणि त्यांतला कांहीं भाग न जळतांच मागच्या दारानें निसटतो. हें नुकसान टाळण्याचा उपाय कोठें सांपडला? इंजिनांत नव्हे, तर धुराड्यांत. जळका वायु नळींत शिरतांच त्याबरोबर दाबाची एक लाट पुढें धांवते. नळी रुंद होत गेली तर शोषणारी लाट परत येते व जळक्या वायूला बाहेर ओढते. पुढें नळी अरुंद झाली तर दाबणारी लाट परत येते व निसटूं पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुनः आंत लोटते. म्हणजे मधें फुगीर व दोन्हीं टोंकांस निमुळती अशी पत्र्याची नळी, कोणताहि हलता भाग नसतां, झडपेचें काम करते!

मात्र लाट नेमक्या क्षणीं परतली पाहिजे. साधें गणित करून पाहा. इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास ६ सहस्रांश सेकंद लागतात. तप्त वायूंत लाटेचा वेग सेकंदाला सुमारें ५०० मीटर धरला, तर तेवढ्या अवधींत ती ३ मीटर जाईल. वायु बाहेर जाण्याचें दार साधारण अर्धा फेराच उघडें असतें. तेव्हां जाऊन-येऊन दीड मीटर, म्हणजे जातांना पाऊण मीटर, एवढाच तिचा प्रवास असावा. चार बोटें लांबी कमीअधिक झाली कीं सारा मेळ बिघडला.

हा मेळ कसोशीनें बसविणारा पुरुष म्हणजे वॉल्टर काडेन. दुसऱ्या महायुद्धांत त्यानें जर्मनीच्या क्षेपणास्त्रांच्या खात्यांत काम केलें होतें. १९५३ सालीं तो पूर्व जर्मनींतील चोपाउ येथील कारखान्याच्या शर्यत-विभागांत आला. पुढें एम्. झेड्. या नांवानें प्रसिद्धीस आला तोच हा कारखाना. फुगीर नळीची कल्पना त्याच्या आधींहि जर्मनींत निघाली होती. परंतु ऑसिलोस्कोपवर दाबाच्या लाटा पाहून, मोजून, पुनः पुनः नळ्या बनवून तिला शास्त्राचें रूप दिलें तें काडेननें. पैसा थोडा, साहित्य तुटपुंजें. तरी १९६१ सालीं त्याच्या अवघ्या १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनानें २५ अश्वशक्ति दिली. लिटरमागें हिशेब केला तर ती २०० अश्वशक्ति होते.

त्या वर्षीं ऑगस्टमध्यें बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि सप्टेंबरांत स्वीडनमधील क्रिस्टियनस्टाड येथील शर्यतीच्या वेळीं काडेनचा सर्वोत्तम स्वार एर्न्स्ट डेग्नर देशांतर करून गेला. जपानच्या सुझुकी कंपनीला त्यानें हें ज्ञान दिलें. पुढच्याच वर्षीं, १९६२ सालीं, ५० घन सेंटिमीटरच्या वर्गांत डेग्नर जगज्जेता झाला, आणि सुझुकीला पहिलें जागतिक विजेतेपद मिळालें. काडेन मात्र चोपाउलाच राहिला. १९९६ सालीं तो वारला. पुढें जपानी कारखान्यांनीं लाखांनीं टू-स्ट्रोक गाड्या विकल्या, त्यांच्या धुराड्यांत याच माणसाची विद्या होती.

फोर-स्ट्रोक गाड्यांत असेंच काम हिदेओ योशिमुरा या जपानी कारागिरानें केलें. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या मोटारसायकली सुधारून देतां देतां त्यानें १९५४ सालीं फुकुओका येथें स्वतःचें दुकान थाटलें. १९६९ सालीं होंडा कंपनीनें सी. बी. ७५० ही चार सिलिंडरांची गाडी बाजारांत आणली. तिला चार स्वतंत्र धुराडीं होतीं. योशिमुरानें १९७१ च्या सुमारास त्या चार नळ्या एकींत मिळविल्या. वजन घटलें, आणि एका सिलिंडरचा बाहेर धांवणारा वायु दुसऱ्याच्या वायूला ओढूं लागला. अशा नळ्या सर्वसामान्य ग्राहकालाहि मिळूं लागल्या, आणि त्यांतून एक मोठा व्यापार उभा राहिला.

आपल्याकडेहि हीं दोन्हीं कुळें नांदलीं. म्हैसूरला १९६१ पासून जावा, १९८३ पासून राजदूत ३५०, १९८५ पासून यामाहा आर्. एक्स्. १००, या टू-स्ट्रोक गाड्या. तर १९५५ पासून मद्रासला बनूं लागलेली फोर-स्ट्रोक बुलेट. टू-स्ट्रोकच्या शौकिनांनीं फुगीर नळ्या घडविल्या. बुलेटच्या शौकिनांनीं मुख्यतः आवाज घडविला. पहिल्या वर्गांत निदान लाटेचा हिशेब तरी होता. दुसऱ्यांत बहुधा जाळी कापण्यापलीकडे कांहीं नव्हतें.

आतां निवाड्याकडे येऊं. साडेसात मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज पोंचविणारी गाडी ध्वनीच्या रूपानें किती शक्ति बाहेर टाकते? हिशेब केला तर सुमारें साडेतीन वॉट. आणि एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट! सारी आळी दणाणून सोडणारा तो गडगडाट एका अश्वशक्तीचा दोनशेवा हिस्साहि नव्हे. उलट ऐकणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. ८० डेसिबलचे ९० झाले म्हणजे आवाज अष्टमांशानें वाढला असें नव्हे. ध्वनीची ऊर्जा दसपट झाली. स्वाराला त्यांतून कांहींच लाभत नाहीं, आणि दवाखान्यांतल्या रुग्णाला व पाळण्यांतल्या मुलाला मात्र तें सारें सोसावें लागतें.

धुराडें बदलूंच नये, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तें इंजिनाचाच एक अवयव आहे. नळी मोकळी केली आणि पेट्रोल-हवेचें प्रमाण जुळविलें नाहीं, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतें. टू-स्ट्रोकमध्यें तर पिस्टन जळण्यापर्यंत मजल जाते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत लागू झालेल्या भारत-६ मानकांच्या गाड्यांत विषारी वायु शमविणारें उपकरण धुराड्यांतच असतें. तें काढलें म्हणजे आवाजाबरोबर विषहि मोकळें होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनमानी फेरफाराला आळा घालतें, आणि १९० वें कलम आवाजाचें व धुराचें प्रमाण मोडणाऱ्यास शिक्षा सांगतें. पोलिसांनीं जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरविल्याचीं छायाचित्रें आपण वृत्तपत्रांतून पाहिलींच असतील.

काडेननें पत्र्याची नळी घेऊन बळ वाढविलें तें मोजून, ऐकवून नव्हे. आपल्या घरांतील एखादा तरुण नवा सायलेन्सर घेऊन आला, तर त्याला रागें भरण्याआधीं एवढेंच विचारावें: हिची लांबी कोणत्या हिशेबानें ठरविली आहे? उत्तर देतां आलें, तर त्याचें कौतुक करावें व आवाजाचें मापहि तपासून घ्यावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर त्यानें पैसे मोजून विकत आणला आहे तो केवळ गोंगाट, हें त्याचें त्यालाच उमगेल.