समुद्र की डोंगर? आपल्या उन्हाळी सुट्टीचा एक छोटासा इतिहास

दिवाळी अंकात उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय कसा काय, असं काही वाचक म्हणतील. पण मंडळी, फराळाचे डबे रिकामे झाले की आपल्याकडे पुढच्या सुट्टीच्याच गप्पा सुरू होतात. झुइडासमधल्या कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये जानेवारीत जाऊन बसा. डच सहकारी हातात सँडविच घेऊन एकमेकांना विचारत असतात, यंदा कुठे? ऑस्ट्रियाचे डोंगर की फ्रान्सचा किनारा? मग तोच प्रश्न संध्याकाळी आपल्याही घरी येतो. मुलांना वाळूत खेळायचं असतं, बाबांना स्वित्झर्लंडचे डोंगर बघायचे असतात आणि आईचा हिशोब वेगळाच चाललेला असतो, की यंदा भारतात नाही गेलो तर आजी-आजोबांची भेट थेट पुढच्या वर्षी!

हा "समुद्र की डोंगर" प्रश्न आपल्याला आज अगदी साधा वाटतो. पण दोन पिढ्या मागे गेलो तर बहुतेक मराठी घरांत हा प्रश्नच नव्हता. कोणाला तो पडत होता आणि कोणाला नाही, हे बघितलं की आपल्या सुट्टीचा बराचसा इतिहास कळतो.

साहेबाचा डोंगर

आपल्याकडे "थंड हवेचं ठिकाण" ही कल्पना रुजवली ती इंग्रजांनी. महाबळेश्वर आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होतं, पण तीर्थक्षेत्र म्हणून. पंचगंगेचं मंदिर, कृष्णेचा उगम, तिथे जायचं ते पुण्य मिळवायला, हवा खायला नव्हे. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर चढून गेला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा दुसऱ्या गावाच्या बदल्यात मिळवली. वसाहतीला नावही पडलं माल्कम पेठ. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंची, म्हणजे ऐन वैशाखात अंगावर शाल घ्यावी अशी हवा. मग काय, मुंबई सरकारचा उन्हाळ्यातला मुक्कामच तिथे हलू लागला. पावसाळा आला की साहेब खाली पुण्याला, थंडीत परत मुंबईला. वर्षाचे तीन मुक्काम!

माथेरानचं तसंच. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट त्या डोंगरावर चढला, त्याला जागा आवडली आणि त्याच्या मागोमाग बंगले आले. गंमत म्हणजे, रेल्वे नव्हती तेव्हा डोंगरावर जायलाही समुद्रच लागायचा. मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे साहेब बोटीने बाणकोटच्या खाडीत शिरत, सावित्री नदीने दासगाव-महाडकडे जात आणि तिथून घाट चढत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मग पुण्यावरून जाणं सोपं झालं.

या सगळ्यात आपली माणसं कुठे होती? होती ना! डोली उचलणारे, घोडे धरणारे, बंगल्यांची राखण करणारे, स्वयंपाकी, माळी. डोंगरावरची सुट्टी त्यांनी जवळून बघितली, पण ती त्यांची नव्हती.

चाकरमान्याचा समुद्र

किनाऱ्याची गोष्ट याच्या अगदी उलट. कोकणातला माणूस मुंबईला गेला तो पोटासाठी. गिरणीत, गोदीत, कचेरीत, घरकामाला. त्याला मे महिन्यात रजा मिळाली की तो "सुट्टीवर" जात नसे, तो "गावी" जात असे. समुद्र हे त्याच्यासाठी बघायचं ठिकाण नव्हतं, तो घरी जायचा रस्ता होता. मुंबईच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची आणि हर्णे, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असं करत माणसं उतरवत जायची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती लांब उभी राहायची आणि पडावातून किनारा गाठावा लागायचा. ट्रंका, वळकट्या, कडेवर पोरं आणि खाली हलणारं पाणी!

या प्रवासाचं घड्याळ पाऊस ठरवायचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावरच्या बोटी बंद. म्हणजे मे संपायच्या आत मुंबईला परतायला हवं, नाहीतर घाटरस्त्याने द्राविडी प्राणायाम. समुद्राशी खेळ नको, हे त्या पिढीला कोणी शिकवावं लागलं नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली "रामदास" बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात कित्येक घरांत ही आठवण पुढे अनेक वर्षं होती.

म्हणूनच जुन्या कोकणी माणसाला "बीचवर सुट्टी" ही कल्पना कळत नसे. घर नारळी-पोफळीच्या आड, तोंड अंगणाकडे. सुट्टी म्हणजे आंबे, फणस, विहिरीवरची आंघोळ, भुतांच्या गोष्टी आणि चुलत-मावस भावंडांची पलटण. समुद्रावर जायचं ते संध्याकाळी, तेही मोठ्या माणसांबरोबर.

निवड करता येऊ लागली, ती हळूहळू

डोंगर आणि समुद्र यांच्यामधली ही भिंत एका दिवसात पडली नाही. एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. लोकमान्य टिळक जन्माने रत्नागिरीचे, म्हणजे किनाऱ्याचे. पण उन्हाळ्यात ते विश्रांतीला आणि वाचन-लेखनाला जात ते सिंहगडावर. त्यांचा बंगला आजही गडावर आहे. साहेबाचं महाबळेश्वर सोडून स्वतःचा गड निवडावा, हे बघा किती सूचक आहे!

१९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली. ती काढली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी. दोन फुटी रुळांवरची ही गाडी वळणं घेत वर जाऊ लागली आणि मुंबईची पारशी, गुजराती, मराठी कुटुंबं डोंगरावर दिसू लागली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. पुढे लाल डबा घाटातही पोचला आणि किनाऱ्यावरही. ज्यांचं कोकणात गाव नव्हतं अशी देशावरची माणसंही समुद्र "बघायला" निघाली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता आजोळ हेच पर्यटनस्थळ झालं. चाकरमान्याच्या शेजारच्याच डब्यात पर्यटक बसला!

खरं तर महाराष्ट्रात ही निवड तशी नावालाच. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतर ते किती? वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून निघालात तर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आंबोलीच्या धुक्यात पोचता. सकाळी मासळी बाजार, दुपारी घाट.

डचांकडे मात्र उलटी गंगा

आता आपण राहतो त्या देशाकडे वळू. इथे समुद्र दाराशी आणि डोंगर परदेशात. लिम्बुर्गमधली फाल्सरबेर्ख ही युरोपातल्या नेदरलँड्सची सर्वात उंच जागा, ३२२ मीटर. म्हणजे आपलं पुणं शहर, नुसतं शहर, पर्वतीची टेकडीसुद्धा धरायची नाही, त्याहून दोनशे मीटर उंचावर आहे! आणि आपण ज्या विमानतळावर उतरतो तो स्खिपोल तर चक्क समुद्रसपाटीच्या खाली. तिथे एक प्रचंड तलाव होता, पंप लावून १८५२ मध्ये तो कोरडा केला.

इथेही समुद्र आधी श्रीमंतांचाच होता, तोही औषध म्हणून. १८१८ मध्ये स्खेव्हेनिंगनला याकोब प्रोंक नावाच्या माणसाने लाकडी स्नानगृह बांधलं. खाऱ्या पाण्याने प्रकृती सुधारते म्हणून लोक पैसे देऊन तिथे डुंबायचे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सिनेमातली "सिसी", १८८४-८५ मध्ये झांडवोर्टला हवापालटासाठी राहिली होती. पण १८८१ मध्येच झांडवोर्टपर्यंत रेल्वे आली होती, त्यामुळे अ‍ॅमस्टरडॅमचा सामान्य माणूसही हळूहळू वाळूवर पोचला. माथेरानला जे घडलं तेच इथे सव्वीस वर्षं आधी घडलं. सुट्टी सगळ्यांची झाली ती रुळांवरून.

दुसरं कारण पैशाचं. आपल्याला पहिल्या मे महिन्यात पगाराच्या स्लिपवर जादा रक्कम दिसते आणि आनंदाचा धक्का बसतो. तो "व्हाकान्सीगेल्ड", सुट्टीचा भत्ता. १९६८ च्या कायद्यानं तो सगळ्या नोकरदारांचा हक्क झाला आणि आज तो वर्षाच्या पगाराच्या निदान आठ टक्के असतो. आधी समुद्राकाठी तंबू ठोकणारा डच माणूस गाडीमागे कॅराव्हॅन जोडून आठ-नऊशे किलोमीटरवरचे डोंगर गाठू लागला, त्यात या भत्त्याचा वाटा मोठा आहे. सपाट देशातल्या माणसाला डोंगराची ओढ असायचीच!

आणि आपण, झुइडासवाले

झुइडास म्हणजे दक्षिणेचा अक्ष. हे उभं राहिलं आपल्या डोळ्यांदेखत म्हटलं तरी चालेल. १९७८ मध्ये स्टेशन, १९८५ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटर, १९९८ मध्ये मोठा आराखडा आणि मग काचेच्या इमारतींची रांग. २००४ मध्ये नेदरलँड्सने कुशल कामगारांसाठी वेगळी व्हिसा योजना आणली आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्याच वाटेने इथे आले. म्हणजे आपणही चाकरमानीच की! फक्त आगबोटीऐवजी विमान आणि गिरणीऐवजी लॅपटॉप. योगायोग असा की साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी उलटा प्रवास झाला होता. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष अजून तिथे उभे आहेत.

पण जुन्या चाकरमान्याला जे सहज मिळत होतं ते आपल्याला मिळत नाही, ते म्हणजे मे महिना. इथली शाळा मुलांना मनाला येईल तेव्हा सोडत नाही. पाच वर्षांपासून शाळा सक्तीची, सुट्टीव्यतिरिक्त परस्पर नेलं तर दंड. सहा आठवड्यांची मोठी सुट्टी येते जुलै-ऑगस्टच्या आसपास, तेव्हा कोकणात धो धो पाऊस, आंबे संपलेले आणि भावंडांच्या शाळा सुरू झालेल्या. आजी-आजोबा भेटतात, पण पलटण भेटत नाही. आणि मराठी मुलं शिकतात ती त्या पलटणीत. पत्त्यांतल्या भांडणात, आंब्याच्या वाटणीत, रात्री गच्चीवरच्या गोष्टींत. आपण रविवारच्या मराठी वर्गात जे वर्षभर घोटून घेतो ते तिथे पंधरा दिवसांत येतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

म्हणून आपल्या घरात "समुद्र की डोंगर" असं भांडण झालं तरी खरा प्रश्न तिसराच असतो, सुट्टीवर जायचं की गावी? आल्प्स बघू नयेत असं कोण म्हणेल! ज्या निवडीसाठी आपल्या आधीच्या पिढ्या डोली उचलत राहिल्या, ती आज आपल्या हातात आहे, तिचा आनंद जरूर घ्यावा. पण दर वर्षी तेच होत गेलं तर मुलांना स्वित्झर्लंडच्या शिखरांची नावं येतील आणि मावसभावांची येणार नाहीत.

यावर इथल्या कॅलेंडरातच एक पळवाट आहे. एप्रिलच्या शेवटी, २७ तारखेच्या राजाच्या वाढदिवसाच्या सुमारास, मे सुट्टी येते. अनेक शाळा ती दोन आठवड्यांची देतात. त्याच वेळी महाराष्ट्रात हापूस भरात असतो, शाळांच्या परीक्षा आटपत आलेल्या असतात आणि घरं भरू लागलेली असतात. तिकिटं आत्ता दिवाळीतच काढली तर बरी पडतात. उन्हाळ्यातला डोंगर मग जुलैत खुशाल बघा. समुद्राची तर काळजीच नको, झांडवोर्ट कुठे पळून जात नाही!

सर्वांना दीपावलीच्या आणि येणाऱ्या सुट्टीच्याही हार्दिक शुभेच्छा.