आकाशाची खानेसुमारी

जुन्नरला सहल नेली की आपण मुलांना घाटघरच्या पुढे नाणेघाटात नेतो. तिथल्या लेण्यातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञांत दान दिलेल्या गाईंचे, नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. कोरविणाऱ्यांना दानाची नोंद हवी होती. अंकचिन्हांच्या इतिहासाचा विचार त्यांच्या मनातही नसेल. आज मात्र अंकांचे अभ्यासक हा लेख आवर्जून वाचतात.

याच तालुक्याच्या पूर्व भागात, खोडदला, अशीच एक नोंद झाली. पण ती आकाशाची. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे २ मीटर तरंगलांबीवर, आकाश पट्ट्यापट्ट्याने टिपले. एरवी दुर्बीण एखाद्या निवडक तारकाविश्वाकडे वळवतात. सर्वेक्षणात निवड नसते. जे दिसेल ते लिहायचे. केंब्रिजच्या १९५९ च्या प्रसिद्ध यादीत ४७१ रेडिओस्रोत होते, आणि त्यांच्यातूनच पुढे क्वासार सापडले.

अडचण होती आपल्याच वातावरणाची. पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे हलताना दिसते, तसे आयनांबरातून येणाऱ्या रेडिओलहरींचे होते. वारंवारता जितकी कमी, तितका हा त्रास जास्त. शिवाय आकाशाच्या प्रत्येक दिशेला तो निराळा. त्यामुळे निरीक्षणे झाली तरी सबंध आकाशाच्या स्वच्छ प्रतिमा हाती यायला वेळ लागला. पण मूळ नोंदी जपून ठेवलेल्या होत्या आणि इतरांना खुल्या होत्या. हे आम्हांला दुर्बिणीइतकेच महत्त्वाचे वाटते. हुइब इंटेमा, प्रशांत जगन्नाथन, कुणाल मुळे आणि डेल फ्रेल यांनी त्या पुन्हा हाती घेतल्या. तेजस्वी स्रोत किती हलतात यावरून त्या त्या दिशेची विकृती काढायची आणि ती वजा करायची, ही त्यांची रीत. दोन हजारांहून अधिक तासांच्या निरीक्षणांतून २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. तिने ९० टक्के आकाश व्यापले आहे.

ही यादी १.४ गिगाहर्ट्‌झवरच्या अमेरिकी सर्वेक्षणाशेजारी ठेवली, की काही स्रोत खोडदला ठळक आणि तिकडे अगदी मंद आढळतात. अतिदूरच्या रेडिओ तारकाविश्वांचा शोध बहुधा अशाच स्रोतांपासून सुरू होतो. खोडदला विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला जाल, तेव्हा तबकड्यांबरोबर या यादीविषयीही जरूर विचारा.